नाना, तुम्हालाही नेतो

१

आमच्या घरात जेवण वासाने सुरू व्हायचं.

नाना टेबलाशी बसले की आई त्यांच्यापुढे ताट ठेवायची आणि फ्रिजला टेकून उभी राहायची. नाना आधी आमटीची वाटी उचलून नाकाशी न्यायचे, लांब श्वास घ्यायचे. मग भाजी. मग भातसुद्धा. भाताला कसला वास येतो हे मला आजवर कळलेलं नाही. सगळं मनासारखं असलं तर घशातून "हं" असा आवाज काढायचे आणि त्यानंतरच माझ्या धाकट्या भावाने, आल्हादने, आणि मी घास उचलायचा. मनासारखं नसलं तर ते एका बोटाने ताट पुढे सारायचे. ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर निदान शेजाऱ्यांना कळलं असतं. ताट हळूहळू टेबलाच्या कडेपर्यंत जायचं आणि आई "थांबा हं, दुसरं देते" म्हणत ओट्याकडे धावायची. ती स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायची, उभ्याने, गार झालेलं.

लोक म्हणायचे, नाना फार शिस्तीचे. माझं डोकं फिरायचं हे ऐकून. बायकोला जन्मभर भिंतीशी उभं ठेवण्याला शिस्त म्हणत असतील तर घाला चुलीत ती शिस्त.

दोन हजार सातच्या जानेवारीत नाना गेले. दवाखान्यातून फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर आता आई गरम जेवेल. आणि पुढच्या आठ-नऊ दिवसांत ती खरंच जेवायला लागली. ठाण्याच्या त्या दोन खोल्यांत ती सकाळी उन्हं येईपर्यंत झोपू लागली. दुपारी रेडिओ लावून पाय पसरून बसू लागली. एकदा भेटायला आलेल्या बायकांसमोर ती कशावरून तरी मोठ्याने हसली आणि स्वतःच दचकली. आपल्या आईला आवाज आहे हे मला चाळिशीत कळलं. तो आवाज आता कुणाच्या बापाला हिरावून घेऊ द्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

२

दहावं नाशिकला रामकुंडावर व्हावं, असं नाना सांगून गेले होते. मरतानाही सगळ्यांना कामाला लावल्याशिवाय त्यांना चैन पडली नसती.

आम्ही तिघं आदल्या दिवशीच माझ्या इंडिकातून नाशिकला आलो. मी, आई आणि बंगलोरहून आलेला आल्हाद. आल्हादने पंचवटीतल्या एका धर्मशाळेत खोली घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारचं वायनरीचं टेस्टिंगही बुक करून ठेवलं होतं.

"दहाव्याच्या दिवशी दारू?" मी गाडी चालवता चालवता विचारलं.

"दारू नाही गं, वाईन. नाशिकला परत कधी येणार मी? आणि दहाव्यानंतर संपलंच ना सगळं."

"संपत नाही. तेरावं असतं."

"ते तू बघ."

मी गाडी तिथेच वळवणार होते. पण मागून आई म्हणाली, "मला बघायचीय. द्राक्षाचं ते कसं करतात ते." मग मी काय बोलणार!

संध्याकाळी आम्ही जुन्या नाशकात हिंडलो. सुतकामुळे काळारामाच्या देवळात जाता येत नव्हतं, आईने बाहेरून त्या काळ्या दगडी भिंतींना हात जोडले. मग पूल ओलांडून भांडीबाजारात गेलो. लाकडी खांबांच्या जुन्या दुकानांत तांब्यापितळेची भांडी छतापर्यंत लटकत होती. आईने एक तांब्या उचलून टिचकी मारून बघितला, दुसरा बघितला, तिसरा बघितला, दुकानदाराशी हुज्जत घातली आणि काहीही न घेता खुशीत बाहेर पडली. पुढच्या चौकात मिसळीचं हॉटेल दिसल्यावर ती सरळ आत शिरली.

"सुतकात चालतं का?" आल्हादने विचारलं. वाईनवाल्याने विचारलं!

"मला भूक लागलीय," आई म्हणाली. मिसळ आली तशी आमच्याकडे न बघता तिने पाव मोडला आणि पहिला घास घेतला. झणझणीत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती आणखी रस्सा मागत होती. माझ्या आयुष्यात आईला आमच्याआधी जेवताना मी पहिल्यांदा बघितलं. मला तिथेच रडू आलं असतं, पण आल्हाद त्याच्या नव्या फोनवर फोटो काढत होता.

३

सकाळी रामकुंडावर पिंड ठेवले. आल्हादने केस काढायला चक्क नकार दिला होता, सोमवारी प्रेझेंटेशन होतं म्हणे. डोक्याला टोपी घालून तो गुरुजी सांगतील ते करत होता आणि मधूनमधून घड्याळ बघत होता. काळे तीळ त्याच्या ओल्या बोटांना चिकटत होते आणि तो ते धोतराला पुसत होता.

कावळा यायला तयार नव्हता. म्हणजे आला होता, समोरच्या छोट्या देवळाच्या कठड्यावर बसला होता, पण पिंडाला शिवत नव्हता. आजूबाजूच्या लोकांचे पिंड शिवले गेले, ती माणसं आवरून निघूनही गेली. आमचा कावळा मान वाकडी करून आमच्याकडे बघत बसला.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "मनातलं बोला. शब्द द्या."

आईने हात जोडले. "मुलांना जपीन मी," ती म्हणाली. कावळा हलला नाही.

"आईची काळजी करू नका, ती माझ्याकडे राहील," मी म्हटलं. कावळ्याने आमच्याकडे पाठ केली. नानांनीही तेच केलं असतं.

ऊन चढत होतं. गुरुजी म्हणाले, "थोडा वेळ बघू. नाहीतर दर्भाचा कावळा करू आणि शिववू. तसंही चालतं."

दर्भाचा कावळा चालला असता. गवताची चार पाती वळून गुरुजींनी कावळा केला असता, पिंडाला लावला असता, आणि आम्ही मोकळे झालो असतो. हे आठवलं की आजही माझ्या हातापायांची आग होते. पण आल्हादला तेवढाही धीर नव्हता. त्याने पुन्हा घड्याळ बघितलं, कावळ्याकडे बघून हात जोडले आणि त्याच्या त्या ऑफिसातल्या थट्टेच्या सुरात म्हणाला, "चला नाना, तुम्हालाही नेतो बरोबर. खूश?"

कावळा कठड्यावरून उतरला आणि चालत, अगदी सावकाश चालत, पिंडाकडे आला.

"शिवला!" गुरुजी म्हणाले. त्यांनी आल्हादचं बोलणं ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. ते भराभर सामान आवरायला लागले.

आल्हाद माझ्याकडे बघून हसला. "बघ. बाबापुता केलं की होतं."

"मूर्खासारखं काहीतरी बोलू नकोस इथे," मी म्हटलं.

 पदर डोक्यावरून घेऊन आई पायऱ्या चढायला लागली होती. काल ती आमच्यापुढे चालत होती. आज थांबत थांबत चालत होती. उन्हामुळे असेल, मी स्वतःला सांगितलं.

४

गंगापूर धरणाकडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, खायच्या द्राक्षांचे मांडव संपले की वाईनच्या द्राक्षांच्या तारांवर चढवलेल्या बुटक्या रांगा. तोडणी चालू होती. क्रेट भरलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. आल्हाद पुढे माझ्या शेजारी बसून गाणी बदलत होता.

आरशात आई दिसत होती. मागची अख्खी सीट मोकळी होती, सामान डिकीत होतं. काल ठाण्याहून येताना ती सीटवर मांडी ठोकून बसली होती, कसाऱ्यानंतर तर आडवीच झाली होती. आता ती डाव्या दाराला चिकटून बसली होती. गुडघे जुळवलेले, पर्स मांडीवर, आणि साडीचा घोळ हाताने आपल्याकडे ओढून धरलेला.

"आई, ऐसपैस बस की."

"बसलेय."

"उन्हाकडून सरक तिकडे."

"असू दे गं," ती म्हणाली. आवाज बारीक होता. मला तो आवाज ओळखीचा होता आणि त्याचा रागही येत होता. स्मशान, घाट, मंत्र, एवढं झाल्यावर कुणाचाही आवाज बसेल, मी मनात म्हटलं.

वायनरीच्या फाटकाबाहेर एक बाई टोपलीत द्राक्षं घेऊन बसली होती. मी गाडी थांबवली. तिचं नाव नवसाबाई, सायखेड्याची. वजन करता करता तिने आमची सगळी चौकशी केली आणि एक घोस आईला चाखायला म्हणून खिडकीतून दिला. आईने तो घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"आजी, म्होरं बसायचं की," नवसाबाई म्हणाली. "मागं लय दाटी झाली तुमची."

"दाटी कुठे? एकटीच तर आहे," मी म्हटलं.

नवसाबाईने माझ्याकडे बघितलं, मग मागच्या सीटकडे बघितलं. "व्हय का," एवढंच म्हणाली. पैसे घेऊन तिने तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांवर ऊन होतं, काच काळी होती. अशी दोन कारणं मी फाटकातून आत जाईपर्यंत शोधली.

५

टेस्टिंगची खोली तळघरात होती. जिना उतरताना आंबवलेल्या पिठासारखा वास येत होता. खाली गारवा होता, भिंतीशी लाकडी पिंपं आडवी रचलेली, मधोमध लांब टेबल. मयूर नावाचा एक उत्साही तरुण आमचा गाईड होता. त्याने टेबलावर चार ग्लास मांडले.

"तिघंच आहोत," आल्हाद म्हणाला.

"ओह, सॉरी सर. मला वाटलं..." मयूरने जिन्याकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. "असू दे, राहू दे. काका आले तर होईल."

"कुठले काका?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे कुणीपण," मयूर हसला आणि बाटली उघडायला लागला. बुकिंगमध्ये गोंधळ झाला असणार. चार म्हणूनच नोंदवलं असेल आल्हादने, त्याला कुठली गोष्ट धड जमलीय! आम्ही बसलो. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती आणि चौथा ग्लास नेमका तिच्यासमोर आला होता. मयूरने बोलता बोलता चारही ग्लासांत थोडी थोडी पांढरी वाईन ओतली.

"मी पण घेते," आई अचानक म्हणाली. तळघरात आल्यापासून तिला जरा हुशारी आली होती. "चव तर बघू."

"घे की!" मला इतका आनंद झाला की वाईनबद्दलचा माझा सगळा राग पळाला. आईने ग्लास उचलला. दोन्ही हातांनी, तांब्या धरावा तसा. ती ओठाला लावणार, तेवढ्यात मयूर म्हणाला, "एक मिनिट, काकू. लगेच प्यायची नाही. आधी वास घ्यायचा. ग्लास असा फिरवायचा, नाक आत घालायचं आणि एकदम डीप श्वास."

आल्हादने घेतला. मी घेतला. मयूरने घेतला. आईने ग्लास नाकाशी नेला आणि हळूच हुंगला. मग खोली शांत झाली.

त्या शांततेत आणखी एक श्वास आला. लांब, नाकातून ओढलेला, सावकाश. टेबलाच्या टोकाकडून.

आल्हादच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे हलले. "एसी आहे ना इथे?" त्याने विचारलं.

"एसी... हो, मशीन असतं मागे," मयूर म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं. मशीन बंद होतं, बटणाजवळचा दिवाही लागलेला नव्हता.

मी कान देऊन बसले होते. मी "हं"ची वाट बघत होते, हे माझ्या लक्षात आलं आणि माझाच मला संताप आला. "हं" आलाच नाही.

चौथा ग्लास सरकला. टेबल ओलं होतं, ओल्या टेबलावर काच सरकते, हे मला माहीत आहे. पण ओल्यावर सरकलेली काच मध्येच थांबून पुन्हा सरकत नाही. ग्लास थांबत थांबत, एका रेषेत, टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला.

आईने आपला ग्लास न पिता खाली ठेवला. ती उठली आणि भिंतीकडे जाऊन पिंपाला टेकून उभी राहिली.

"थांबा हं," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "दुसरं देते."

६

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मयूर बिचारा जिन्यापर्यंत मागे गेला. मी त्या खुर्चीसमोर उभी राहून ओरडत होते. जन्मभर ओरडले नव्हते ते सगळं. मेलात ना तुम्ही? जाळलं ना तुम्हाला? मग आता काय उरलंय हुंगायचं? दहा दिवससुद्धा पाहवलं नाही का तुम्हाला तिचं जेवण? खुर्ची रिकामी होती. रिकाम्या खुर्चीवर ओरडणाऱ्या बाईला वेडी म्हणतात हेही मला त्याच वेळी कळत होतं, आणि त्यामुळे मी आणखी ओरडत होते.

मग मी आल्हादची कॉलर धरली. "तू बोलावलंस. तूच सांग आता."

"काय सांगू?" त्याची टोपी पडली होती. तो लहानपणी ताट सरकल्यावर दिसायचा तसा दिसत होता, पांढराफटक.

"तू शब्द दिला होतास. नेतो म्हणालास. आणलंस. तेवढंच होतं. सांग त्यांना."

आल्हादने खुर्चीकडे बघितलं नाही. त्याने टेबलाकडे बघत हात जोडले. "नाना," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "नेतो म्हटलं होतं, आणलं. झालं आता. आता तुम्ही इथेच थांबा. आमच्याबरोबर येऊ नका."

काहीच झालं नाही. पिंपातून कुठेतरी बारीक बुडबुड्याचा आवाज येत होता, तेवढाच. मी आईचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढत जिना चढवला. ती आली. वर ऊन होतं, माणसं होती, ट्रॅक्टरमधून क्रेट उतरवत होती, कुणीतरी मोबाईलवर हसत बोलत होतं. मला हायसं वाटलं. आईला मी मागच्या सीटवर बसवलं. ती दाराला चिकटली नाही. तिने एकदा शेजारच्या मोकळ्या सीटवर हात फिरवून बघितला.

"नाही ना कुणी?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटल्याचं.

७

गाडी फाटकाशी आली तेव्हा आई म्हणाली, "यशा, थांब जरा. पर्स राहिली खाली."

"मी आणतो," आल्हाद म्हणाला, पण जागचा हलला नाही.

"मीच जाते. तुला सापडायची नाही." ती दार उघडून उतरलीसुद्धा. खडीवरून भरभर चालत ती इमारतीकडे गेली आणि आत दिसेनाशी झाली. मी आरसा नीट करायला हात वर केला, आणि आरशात मागची सीट दिसली. पर्स सीटवरच होती.

मी उतरून धावायला हवं होतं. दाराच्या कडीवर माझा हात होता. आल्हाद म्हणत होता, "जा ना, यशा, जा ना," आणि मी त्याला म्हणत होते, "तू जा." मी किती तरी वेळ त्याच्यावर ओरडत राहिले. गाडीतल्या गाडीत ओरडायला माझ्यात भरपूर जोर होता.

मग आई बाहेर आली. एकटीच. पण ती मघासारखी भरभर चालत नव्हती. एक पाऊल टाकायची, थांबायची, मग दुसरं टाकायची. तिचा पदर डोक्यावर होता, मान खाली होती आणि ती कुणाच्या तरी मागून चालावं तशी, दोन हात अंतर राखून चालत होती. खडी वाजत होती. तिच्या चपला वाजायच्या आधी खडी वाजत होती.

ती गाडीच्या उजव्या बाजूला आली आणि तिने माझ्या मागचं दार उघडलं. उघडून बाजूला उभी राहिली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत बसायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली. गाडी माझ्याकडच्या बाजूने खाली दबली. आल्हादने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आई मागून वळसा घालून डावीकडे गेली, आत बसली, पर्स मांडीवर घेतली आणि दाराला चिकटली.

"आई," मी म्हटलं. "का गं?"

"एकटे कसे राहतील?" ती म्हणाली. त्या बारीक आवाजात. "त्यांना काही म्हणजे काही येत नाही करायला."

मला तिला गदागदा हलवायचं होतं. मला म्हणायचं होतं, तू खाली उतर, तू मिसळ खा, तू हस.  मागचं उजवं दार उघडंच होतं.

"दार लाव गं यशा," आई म्हणाली. "ह्यांना वारा लागतो."

मी उतरले. वर बघायचं नाही एवढं ठरवलं होतं, म्हणून खाली बघितलं. पायपुसण्यावर दोन अनवाणी पावलं होती, ओली, म्हाताऱ्या माणसाची. बोटांच्या बेचक्यांत काळे तीळ चिकटले होते. उजव्या पायाचा अंगठा अधीरपणे वरखाली हलत होता.

दार आपटलेलं नानांना चालायचं नाही. मी ते हळूच लावलं.